चौघींच्या पाठीवर पोरगाच

महा जन्म हर्सूलचा, तळ्याच्या अलीकडं आमची वस्ती व्हती, पोलीस ॲक्शन झाल्यावर दोनेक सालांनी मी झाले असं मही माय सांगायची, तारीख काय कुणाला ठावं. कौसा नाव ठिवलं. महा बाप आधी एका जहागीरदाराच्या तबेल्यात घोड्यांची चाकरी करायचा, मंग ॲक्शन झाली, जहागीरदार बिऱ्हाड उचलून हैद्राबादेला गेले, घोडे इकले, आन मह्या बापाच्या हातात काय ऱ्हायलं तर मोडक्या टांग्याचं एक चाक. चाकरी गेल्यावर माणसानं काय करावं? त्यानं त्या चाकाला फळी ठोकली, लाल-काळे पट्टे रंगविले, मधी एक पांढरा, कडंनं खिळे, वर चामड्याची जीभ, आन जत्रेजत्रेनं चक्री फिरवायला लागला. लोकांनी लालवर लावायचं नायतर काळ्यावर, चाक टरटर करीत फिरायचं, जीभ थांबंल तो रंग जिंकला. पांढरं आलं की सगळ्यांचं बापाचं. त्या एका पांढऱ्यावर आम्ही जगलो बगा.

लोक म्हणायचे चक्रीवाल्याची पोर, मजा असंल. कशाची मजा. आज या गावाला, उद्या त्या उरसाला, गाडीत चाक, चाकावर आम्ही. गर्दी जमली की मी चाकामागं जाऊन बसायची, माणसं कशी व्हत्यात तिथं ते तुम्ही बघितलं नाय. एक माणूस मह्या डोळ्यांम्होरून अजून जात नाय. पैठणकडचा शेतकरी व्हता, चांगला पटका बांधलेला, संगं बायको. त्या दिशी काय झालं, काळंच यायला लागलं. काळं, परत काळं, परत काळं. आन हा आपला लालवर लावतोय. गर्दी वरडायली, आता लालच, आता कुठं जातंय लाल, आन हा हरला की अजून जास्त लावायचा, म्हणायचा, जितकं काळं आलं तितकं लाल जवळ आलं. पैसे संपले तर बोटातली अंगठी काढली. ती गेली तर वळला आन बायकोच्या दंडातली चांदीची वाकी वढायला लागला. मह्या बापानं चाकावर हात ठिवला, म्हन्ला, भाऊ, बास कर, घरी जा. तर तो म्हन्तो, आता लाल यायची येळ झाली म्हनून भ्यालास व्हय. गर्दीबी त्याच्याच बाजूनं. बापानं फिरविलं. काळं आलं. ती बाई नुसती आपला रिकामा दंड चोळीत उभी ऱ्हायली.

वाकी बापानं तिच्या पदरात परत टाकली, पर त्या दिशी तो जेवला नाय. मी इचारलं, दादा, इतक्या येळा काळं आल्यावर लाल नको का यायला? तो म्हन्ला, कौसे, ते लाकूड हाय. मागं काय आलं ते लाकडाला ध्यानात ऱ्हातं व्हय? दर फेऱ्याला ते नवंच फिरतं. मोजीत बसतो तो माणूस. मला तव्हा कळलं नाय, पर इसरलंबी नाय.

मंग महं लगीन झालं, शेंद्र्याकडं दिलं मला. घर चांगलं, जमीन व्हती, मालक सुभावानं गरीब, बायकोवर हात उचलणारा माणूस नाय. सासू कडक. पहिली पोरगी झाली, सासू म्हन्ली, पहिली बेटी धनाची पेटी. दुसरी झाली, म्हन्ली, व्हत्यात दोन, आता पोरगा. तिसरीच्या येळंला तर सासूनं पाळण्याला निळी झालर शिवून ठिवली व्हती, म्हन्ली, दोन झाल्या ना, मंग आता उलटतंय, देव काय एकाच हातानं देतो का? झाली पोरगीच. सासूनं झालर उसवली आन घडी घालून ठिवून दिली, टाकली नाय.

काय सांगू तुम्हाला, त्या घरात मला बसलं तरी बसवायचं नाय. चौथ्यांदा दिवस गेले तशी सासू एकीकडून म्हणायची, तिघींच्या पाठीवर आता पोरगाच, आन जाऊ दुसरीकडून म्हणायची, हिच्या पोटी पोरींचीच रांग लागली, हिला पोरगा व्हायचा नाय, भाऊजींनी दुसरी करावी. एकाच चुलीवर दोघी भाकरी करायच्या आन एकीच्या तोंडी ते, दुसरीच्या तोंडी हे. मी दोघींच्या मधी, पोटावर हात ठिवून. तिघींकडं बघून एक म्हणते आता पालटंल, तिघींकडंच बघून दुसरी म्हणते आता हेच चालंल, मंग पोटातल्या लेकरानं ऐकावं कुणाचं?

महा बाप भेटायला आला. सासूनं त्याच्यासमोरच पोरग्याची गोष्ट काढली. तो म्हन्ला, इहिणबाई, मागच्या पोरींचा आन या लेकराचा काय संबंध, ते आपलं नवं येतंय. सासू उसळली. मह्या सुनंचं पोट म्हंजी तुमची चक्री हाय का व्हय, इवाई? बाप उठला. चहा तसाच ठिवून गेला.

चौथीबी पोरगी. पर त्या येळंला मी गेलेच व्हते. रगत थांबंना. बैलगाडीत घालून शहरात सरकारी दवाखान्यात नेली, मला फकस्त गाडीचे हिसके ध्यानात हायत. मला मागनं कळलं, तिथली डॉक्टरीण मालकाला म्हन्ली, देखो भाई, अब की बार बच गई, और एक बच्चा हुआ तो ये नई बचेगी, समझे? मी सुदीवर आले तर मालक मह्या उशाशी बसून रडत व्हते, खोटं नाय सांगत.

पर माणसाचं मन बगा. मी हिंडायफिरायला लागले, घरात पुन्हा तेच सुरू. सासू म्हणायची, चार झाल्या, चौघींच्या पाठीवर पोरगाच, हे काय सांगायला पायजे? आन मालकबी एक दिवस शेतात मह्याजवळ बसून हळूच म्हन्ले, कौसा, एकडाव. आता तर चुकायचंच नाय. चार चार येळा उलटं पडल्यावर पाचव्यांदा तरी सुलटं पडंलच की. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, डोळे तसेच, त्या पैठणकडच्या माणसाचे व्हते तसे. दुसऱ्या दिशी चौघींना घेतलं, मोटारीत बसले आन हर्सूलला मायबापाकडं आले.

आठवड्यानं मालक न्यायला आले. बाप तव्हा थकला व्हता, चक्री कोपऱ्यात पडलेली. त्यानं काय केलं, ती अंगणात काढली, मालकाला म्हन्ला, जावईबुवा, तुम्हीच फिरवा. मालकानं फिरविलं. काळं. परत काळं. परत काळं. बाप म्हन्ला, आता काय येईल, सांगा. मालक म्हन्ले, आता लाल, दुसरं काय. बाप म्हन्ला, चाकाला काय ठावं ते? फिरवा. आन लालच आलं! मालक हसायला लागले, बघितलं का मामा, म्हन्लं नव्हतं? मह्या बापाचं तोंड एवढंसं झालं. जिंदगीभर चाक फिरविलं त्यानं, आन एका फेऱ्यात त्याला खोटं पाडलं की.

मंग मी बोलले. आजवर मालकाच्या म्होरं आवाज काढला नव्हता. म्हन्लं, लाल आलं, बरं झालं. काळंबी आलं असतं. पर इथं तुम्ही काय लावलं व्हतं? काय नाय. घरी चला म्हणता तिथं काय लावणार? मला. डॉक्टरीण काय बोलली ते तुम्ही ऐकलंय, मी तर बेसूद व्हते. पोरगा आला तरी मी जाणार, पोरगी आली तरी मी जाणार, मंग तुम्ही जिंकणार काय? मही थोरली तव्हा दारात धाकटीला कडंवर घेऊन उभी व्हती. मालकानं तिच्याकडं बघितलं. उठले, पायात चपला घातल्या, आन गेले. मी म्हन्लं, संपलं. आता दुसरी करणार.

काय दिवस गेले ते मला इचारू नका. दारात पाऊल वाजलं की उठायचं, ते नाय म्हनून परत बसायचं.

मंग एक दिवस आले. सावकाश चालायचे, पाय फाकून, चेहरा उतरलेला. तव्हा गावोगाव माणसांच्या नसबंदीचं लई चाललं व्हतं, लोक नाव ऐकलं की पळायचे, रानात लपायचे. हे आपल्या पायानं गेले आन करून आले. बाजंवर बसले, म्हन्ले, चल घरी, आता कुणी काय मोजायचं नाय. मायला सांगून टाकलंय मी.

सासूनं वरीसभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. माणसं त्यांना पारावर हसायची, त्यांनी सहन केलं. आन सासू, काय सांगू, मरस्तोवर म्हणायची, पाचवा पोरगाच व्हता. मी तिचे पाय चेपायची आन ती मलाच सांगायची, पाचवा पोरगाच व्हता, तुम्ही येऊ दिला नाय. एखाद्या दुपारी मलाबी वाटून जातं, व्हता का काय? मंग मी उठते, काहीबाही काम काढते.

मालक जाऊन बरेच दिस झाले. चौघी चांगल्या हायत. थोरली शेत बघती, धाकटी वाळूजला कंपनीत हाय, तिच्याच घरी मी ऱ्हाते. आन आज तुम्ही आलात, मी बोलायले, पर महं ध्यान इथं नाय, त्या फोनकडं हाय. थोरलीची लेक बाळंतपणाला दवाखान्यात हाय सकाळपासून. तिला दोन पोरी. तिच्या घरचे शिकलेले, तरी परवा तिची सासू मला हसून म्हन्ली, आजी, दोन झाल्या, आता नातूच बगा. बोलून कुणाचं मन फिरतं का, सांगा.

कवाची वाजंना ती घंटी. देवा, जे यायचं ते येऊ दे, हातापायानं धड असू दे, आन मही नात आपल्या पायानं घरी येऊ दे. बसा तुम्ही, च्या घ्या. मी जरा दारात उभी ऱ्हाते.