घसरगुंडीपाशी हळूच वाजलं

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा आणि त्यांची नात उभी होती. नातीच्या हातात धातू शोधायचं यंत्र होतं.

“आजोबा, आईची अंगठी आता नाहीच मिळणार. काल हट्टानं मीच मैदानावर घालून आले होते.”

“सगळं मैदान पाहिलंस?”

“हो. घसरगुंडीपाशी वाजलं, पण यंत्रानं दाखवलेला आकडा कोल्ड्रिंकच्या कॅनच्या झाकणाच्या कडीचा होता.”

“अगं, सोन्याच्या बारीक अंगठीलाही तोच आकडा येतो.”

“पण खोली वीतभर दाखवत होतं! अंगठी कालच पडली, एवढ्यात वीतभर खाली कशी जाईल?”

“यंत्र प्रत्येक वस्तू नाण्याएवढी धरून चालतं. लहान वस्तूचा आवाज बारीक येतो, म्हणून त्याला ती लांब वाटते.”

“म्हणजे तुमच्यासारखंच! मी शेजारी बसून हळू बोलले, की तुम्ही विचारता, ‘स्वयंपाकघरात आहेस का गं?’”

“चहाटळ कुठली! बरं, जागा आठवते?”

“तिथे काडी रोवून आलेय.”

“कडी म्हणून सोडून दिलंस ना? मग काडी कशाला?”

“पाय निघेना तिथून. आजोबा, बस आली!”

“येऊ दे. तू आधी पिशवीतलं खुरपं काढ.”