चित्रातलं ऊन

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, बेल्याकडचं, पैनगंगा इतकी जवळ का पल्याडच्या बायाईनं कपडे आपटले तं त्याचा आवाज आमच्या आंगणात येवे, पल्याड महाराष्ट्र अन् अल्याड आमी, पण सोयरे तिकडले, बोली तीच, बाजार कधी इकडं कधी तिकडं. आमच्या घरी वावर नाई. बाप पाटलाकडे सालदार, अन् माय रोजानं निंदाले जाये त्याच पाटलाच्या वावरात. मी तान्ही होती तवा धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीले लुगड्याची झोळी बांधून तिच्यात टाके मले, पुढं मोठी झाली तं झोळी सुटली पण धुरा काई सुटला नाई. शाळा नसली का मी तिथंच. बाया आपापली पात धरून वाकल्या राहे अन् मी पाहत राहो, सकाळी माती काळी दिसते अन् दुपारी राखेवानी काऊन होते, हे मले कोणी सांगतलं नाई, पाहून पाहूनच कळलं. पाटलीणबाई पाण्याची बादली घेऊन येवे, बाकीच्याईले गिलास देवे अन् आमच्या बायाईले वरून ओंजळीत ओते. ते बी पाह्यलं मी. सगळंच पाह्यलं.

वस्तीत बुद्धविहार होता, तिथं एकच गोष्ट कानावर पडे, शिका. माय तं अंगठेबहाद्दर, पण तिच्या डोक्यात ते पक्कं बसलं. मले नदीपल्याड मामाकडे ठेवलं, दहावी झाली, मंग मीनं चित्रकलेचा डिप्लोमा केला. मामा म्हणे डी.एड. कर, चित्रं काढून कोण पोसते. माय म्हणे तिले जे येते ते करू दे. आता ते बोलणं सोपं वाटते, पण त्या टायमाले निंदाले जाणाऱ्या बाईनं असं म्हणणं, काय सांगू तुमाले. मंग आदिलाबादले ड्रॉइंग टीचर लागली, लग्न झालं, आमचे हे कलेक्टर ऑफिसात क्लार्क होते, आता दोघं बी रिटायर. नोकरी केली ती केली, पण माझं खरं काम हेच, तेलरंग. अन् त्यात बी दुसरं काई नाई, रान, वावर, नदी, इतलंच.

तुमी इचारलं म्हणून सांगते कसं करते ते. सकाळी उजेड फुटला का स्कूटीवर निघाचं, डब्यात रंग, पाठीवर स्टँड, डोक्याले दुपट्टा. बेल्याच्या रस्त्यानं नाई तं बाजारहत्नूरकडे. जागा पाहाची, स्टँड गाडाचा. अन् स्टँड गाडला का लोक जमाच होते, कारण तीन पायाचा स्टँड घेऊन बाई धुऱ्यावर उभी म्हणजे मोजणीवालीच असन, असंच वाटते सगळ्याईले. एक बुढा तं जमिनीच्या पट्ट्याचे सगळे कागद पिशवीत घालून पळत आला, म्हणे मॅडम, शेजाऱ्यानं माझा धुरा कोरला, लिहून घ्या. मी म्हटलं आजोबा, मी चित्र काढून राह्यली. त्यानं कॅनव्हास पाह्यला, बराच येळ पाह्यला, अन् म्हणे मंग चित्रात तरी माझा धुरा सरळ काढा. मीनं काढला नाई. वाकडा होता तं वाकडाच काढला. मी तशीच हाव, हट्टी म्हणा, मले फोटो पाहून काढता येत नाई अन् मनचं घालता येत नाई, जे समोर हाय तेच अन् जसं ऊन हाय तसंच. ऊन बदललं का काम बंद करते. उद्या त्याच टायमाले परत त्याच जागी, जिथं पाय होते तिथं दगड ठेवून येते. आमचे हे म्हणते एवढी शिस्त कलेक्टरच्या ऑफिसात बी नाई.

घरी आल्यावर मागच्या खोलीत. तिले उत्तरेची खिडकी हाय, उजेड दिवसभर एकसारखा राहते. तिथं सकाळचं काम भिंतीले लावाचं, दूर बसाचं, अन् नुसतं पाहाचं. हात लावाचा तो दुपारनंतर, तो बी थोडाच. तेलरंग लवकर वाळत नाई, पावसाळ्यात तं अजिबात नाई, अन् हिवाळ्यात दुसरीच तऱ्हा, कापसाच्या गाड्या रस्त्यानं चालू झाल्या का हवेत तंतू उडते अन् ओल्या रंगाले येऊन चिकटते. चिमट्यानं काढत बसाव लागते. रंगात घालाचं तेल जवसाचं. माय पयल्यांदा इथं आली तवा बाटलीचा वास घेतला अन् म्हणे, अवो, हे तं चटणीचं तेल, अन् तू याले भिंतीले फासते?

बाप गेल्यावर बी माय गावातच राहे एकटी. मी म्हणो चाल माझ्याकडे, तं म्हणे तुमच्या शहरात बसून मी काय करू. मंग हळूहळू ती भुलाले लागली. चूल पेटवून बाहीर निघून जाये, एकदा नदीकडे निघाली, शेजारच्यानं हात धरून आणलं. तवा मी तिले घेऊनच आली. ह्याईनं समोरची खोली तिले दिली, बाज टाकली. पण तिले करमे नाई, सारखी भिंत चाचपे, दार कुठी हाय म्हणे. मी ईचार केला, तिले काई ओळखीचं दिसलं तं बरं वाटन. पाटलाच्या त्याच वावराचं एक मोठं चित्र होतं माझ्याजवळ, पावसाळ्यातली उघाड, सकाळचं तिरपं ऊन, कपाशीच्या पऱ्हाटीचे तास, सरळ ओळी, दूरवर गेलेल्या, मधात ओली माती अन् हिरवंगार तण, मागं सागाची रांग. खरं सांगते, माझ्या हातून त्याच्यापेक्षा चांगलं चित्र झालं नाई. लोकाईनं मागतलं, मी दिलं नाई. ते ऊन मले परत काढता आलं नसतं. तेच तिच्या बाजेसमोर लावलं.

दोन-चार दिवस गमतीत गेले. तिनं वावर ओळखलं. बाभूळ ओळखली. अन् म्हणे, हे काई वावर व्हय का, केना पाहा, कुंदा पाहा, पऱ्हाटी दिसत नाई तणापायी, लाज नाई वाटत का याईले. मी हसली. ते हिरवं म्हणून मीनं किती जीव लावून काढलं होतं, अन् तिच्यासाठी ते नुसतं काम होतं, राह्यलेलं काम. ह्याईले सांगतलं तं ते बी हसले.

मंग हसणं बंद झालं. सकाळी उठली का ती चित्र पाहे अन् घाबरी होये, म्हणे मले उशीर झाला वो, बाया गेल्या, पाटलीण रोज कापन, खुरपं दे. बसवलं तं उठे. बाजेवर पाय खाली सोडून बसली राहे, जेवण देलं तं म्हणे आल्यावर जेवीन. एक दिवस मी रंगाच्या खोलीत होती अन् इकडं धप्पकन आवाज आला. भिंतीपाशी पडली होती, चित्राखाली. मनगट मोडलं. आदिलाबादचा डॉक्टर तेलुगूतून बोलला, म्हणे अम्मा परत पडली तं खुबा जाईन, अन् या वयात खुबा गेला का माणूस उठत नाई. चालू नका देऊ, अन् झोप झाली पाहिजे. झोप! ती आडवीच होत नव्हती, झोप कुठून आणू.

हे म्हणाले चित्र काढून टाक ना तिथून. काढलं. तं तिनं असा आकांत केला का शेजारी जमा झाले, म्हणे वावर कोणी नेलं, आता आमी कुठी जावाव, काय खावाव. परत लावलं. ह्याईच्या हातूनच लावलं, मी मायले धरून बसली.

तवा मीनं ठरवलं, चाल, निंदून टाकू. स्टूल घेतलं, रंग घेतले, चित्राले पातळ तेल फिरवलं अन् तणावर काळी माती चढवाले लागली. माय मागून सांगे, इकडं राह्यलं, धुऱ्याकडं जाय, मुळापासून काढ वो, वरवर नको. जसं लहानपणी मले पातीवर बसवून शिकवे तसंच. मी जे दिसते तेच काढणारी, मी समोर नसलेली माती काढून राह्यली होती, पण तिचा जीव शांत होत होता, तं मी काढत राह्यली. काई दिवसात अख्खं वावर निंदून झालं. पऱ्हाटीचे तास मोकळे दिसाले लागले. मी म्हटलं पाह माय, झालं निंदण, आता पड.

तरी ती बसलेलीच. पाय खाली. बाहीर अंधार पडला, घरात लाइट लागले, ती आपली मोडका हात पोटाशी धरून बसलेली. काऊन वो माय, मी म्हटलं, आता तं काई राह्यलं नाई. तं म्हणे, सुट्टी झाली नाई ना बाई. ऊन पाह ना कुठी हाय, आता तं दिवस निघाला.

मी वळून चित्र पाह्यलं. ऊन माझंच होतं. ज्या उनासाठी मी दगड ठेवून ठेवून त्याच जागी गेली, ते सकाळचं ऊन मीनं तिच्यासमोर टांगलं होतं, अन् ते हलतच नव्हतं. आमच्याकडे निंदणाची सुट्टी घड्याळावर नसे, दिवस सागाच्या रांगेले टेकला का पाटलीण हात वर करे, तवा. चित्रातला दिवस टेकणारच नव्हता. माझी माय बिचारी कामावरच होती, दिवस नाई रात नाई.

हे म्हणाले दुसरं काढ संध्याकाळचं, याले हात नको लावू, हे तुझं सगळ्यात चांगलं हाय. मले बी तसंच वाटलं, खोटं काऊन बोलू, जीवावर आलं माझ्या. दोन दिवस मी काईच केलं नाई. पण वावर बदललं तं तिले कळलं असतं, निंदलेलं वावर हेच होतं.

मंग दुपारी स्कूटी काढली अन् गावाकडे गेली. चित्रं काढाले लागल्यापासून मी त्या धुऱ्यावर सांजच्याले उभी राह्यलीच नव्हती, आपली नेहमी सकाळ. स्टँड नेला नाई. नुसती उभी राह्यली. दिवस उतराले लागला तशी सावली पूर्वेले सरकली, पऱ्हाटीचे शेंडे तांबूस झाले अन् तासाईमधी निळा अंधार साचाले लागला. माती जांभळी दिसते त्या टायमाले, हे मी पार भुलून गेली होती. एका वावरातून बाया निघाल्या, खुरपे ओच्यात, एकीनं मले इचारलं, बाई, कोणाची वाट पाहून राह्यली? लहानपणी त्याच जागी मी मायची वाट पाहत बसो. रडू आलं मले, त्या बाईसमोरच रडली.

दुसऱ्या दिवशी मायच्या बाजेपाशीच बसली. अन् तिच्यासमोर दिवस उतरवाले सुरुवात केली. आधी आभाळ, त्याच्यातलं पांढरं दाबलं. मंग सकाळच्या सावल्या पुसून दुसऱ्या बाजूनं टाकल्या, लांब लांब. माय पाहत होती. दुपार झाली, हे जेवण घेऊन आले अन् उभेच राह्यले. मी सागामागं शेंदरी लावला तवा ती म्हणे, झुकला. मंग अजून थोडा दाबला तं म्हणे, झुकला वो, झुकला. माझं ते सकाळचं ऊन एकेक करून जात होतं, शेवटचा चकाकता तुकडा बाभळीच्या बुंध्याले राह्यला होता, तो बी मीनं पुसला. सगळ्यात शेवटी दिवस सागाच्या रांगेले टेकवला.

माय हलली. पदर झटकला, एका हातानंच. पाय धुवाले पाणी दे म्हणे. मी घमेल्यात कोमट पाणी आणलं अन् तिचे पाय धुतले, बोटाईच्या बेचक्यातून सुद्धा, जसे ती वावरातून आल्यावर आपले चिखलाचे पाय धुवे. मंग तिनं चित्राकडे नीट पाह्यलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अन् घाबरून मले इचारलं, सगळं दिसते, बाभूळ दिसते, मी कुठी हाव यात? मी म्हटलं, तू घरी आली ना माय. तिनं माझ्याकडे पाह्यलं, मले ओळखलं का नाई ते मले आजबी माहीत नाई. म्हणे, आली का मी? अन् आडवी झाली.

आता रोज तसंच चालते. डोळा उघडला का चित्र पाहते, दिवस मावळलेला दिसते, म्हणते चाल झालं. दिवसाची झोपते, रातची झोपते, जेवते बी. मी कुठी हाव हे रोज इचारते अन् मी रोज तेच सांगते. बाहीर जाणं माझं कमी झालं, गेली तरी लवकर येते. त्या चित्राचा मले पस्तावा नाई. तशी सकाळ परत काढता येईन का, तं नाई येईन, हात बी आता तसा राह्यला नाई. पण तिनं उभा जन्म उन्हात काढला, तिचा दिवस एकदाचा मावळला, अन् तो माझ्या हातानं मावळला, हे भलं झालं. तुमाले पाहाचं असन तं या, दारातूनच पाहा. चपला इथं काढा अन् हळू पाय टाका, आत्ताच डोळा लागला हाय तिचा.