एकवर आधीच खूण केलेली होती

...आणि वर ते टूल मलाच विचारतंय, कुठला पॅरेंट? तुम्हाला सांगतो, मी स्क्रीनवरच्या त्या खिडकीकडं बघतच राहिलो. काम केवढंसं? आमची कराडातली छोटी कंपनी, एका साखर कारखान्याचं ऊसतोडीचं ॲप करते. कुणाचा ऊस आधी तोडायचा हे आजवर ओळखीवर ठरायचं, मी त्यात नियम लिहिला... ज्याच्या उसाची लागण आधी, त्याची तोड आधी, मग तो संचालक असो नाहीतर संचालकाचा मेव्हणा. दोन महिने भांडून तो मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या सगळ्यांच्या मूळ प्रतीत, मर्ज करून, मिसळून घेतला. पण त्याच ब्रँचमध्ये शेजारच्या टेबलावरच्या धैर्यशीलनं ‘शिफारस’ नावाचा रकाना घालून ठेवलेला, शिफारस असली की ऊस थेट वर. तो कारखान्यात जाऊ द्यायचा नाही, म्हणून मला फक्त माझा मर्ज उचलून हंगामाच्या ब्रँचवर, कारखान्यात चालणाऱ्या प्रतीवर, ठेवायचा होता. चेरी-पिक म्हणतात त्याला. राइट क्लिक, चेरी-पिक, मिटलं. मिटावं की नाही?

तर खिडकी म्हणते, या मर्जला पॅरेंट दोन, म्हणजे ज्या दोन प्रती मिसळल्या त्या; धरू कुठला, एक की दोन? आणि एकवर खूण आधीच केलेली. कुणी केली? मी केली नव्हती. शंका येणार की नाही माणसाला?

धैर्यशील चहा पीत म्हणतो, “एकच ठेव की रं गड्या, समदी एकच ठेवत्यात.” समदी का ठेवतात? आणि हा संचालकाचा भाचा मला एवढ्या मायेनं का सांगतोय? शंका येणार की नाही?

आमच्या सीनियर ब्राह्मीताई, सांगलीच्या, त्यांना फोन लावला. “जयराज, एक म्हणजे तुझा मर्ज व्हायच्या आधीची मुख्य ब्रँच.” म्हटलं, म्हणजे शिफारस जिच्यात आहे तीच ना? “हो, पण ऐक तरी...” काय ऐकायचं? फोन ठेवला, दोनवर खूण केली. दोन म्हणजे मी नियम जिच्यात लिहिला ती माझी ब्रँच. स्वच्छ.

आता हे टूल कसं चालतं बघा. ज्याच्यावर खूण कराल ते आहे तिथंच ठेवतं आणि मर्जमध्ये त्याच्याहून जे वेगळं असेल तेवढंच उचलतं. माझा नियम मागंच राहिला, शिफारशीचा रकाना सबंधच्या सबंध हंगामाच्या ब्रँचवर गेला. एक लाल रेघ नाही, एक तक्रार नाही.

सकाळी कारखान्याच्या गटऑफिसच्या भिंतीवर तोडीची यादी. भूपालअण्णांचा सतरा महिन्यांचा ऊस, तुरा येऊन वजन घटत चाललेला, मी स्वतः शब्द दिलेला... चाळिसावा. अण्णा एवढंच म्हणाले, “लागणीपरमानं म्हणला हुतास न्हवं?” आणि पहिला कोण? नाथाजीतात्या, ऊस अकरा महिन्यांचा, आणि माझे सख्खे चुलते. धैर्यशीलनं रकाना चालतो का बघायला एकच नाव घातलेलं, हे.

मी त्याच्या टेबलावर जाऊन ओरडलो, तूच केलंस. त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. चेरी-पिक करणारा... जयराज. तारीख, वेळ, सगळं. “मी तर एक म्हनत हुतो,” म्हणाला.

यादी फिरवायला कारखान्यात गेलो तर तोडणीच्या टोळ्या फडात उतरलेल्या, पंधरा दिवस आता बदल नाही. तेवढ्यात तात्यांचा फोन. “शाब्बास रं! चार वर्सं कराडात काय शिकलास, घरात कुनालाच कळत नव्हतं. आज कळलं.”

म्हटलं, तात्या, ती चूक झाली माझ्याकडनं.

“व्हय व्हय,” तात्या आवाज खाली आणून म्हणाले, “कुनी इचारलं तर असंच सांगत जा.”

मी बरं म्हटलं.