सासऱ्यांच्या गाडीचं इंजिन

...नाही, पण मला एक सांगा, नंबर जुळत नसेल तर माणसाने विचारायचंच नाही? लगेच संशयी? बायको म्हणते संशयी, मेहुणा म्हणतो संशयी, परवा तर शेजारच्या काकूसुद्धा म्हणाल्या, आणि त्यांना हे कोणी सांगितलं तेही मला शोधून काढायचंय. मी संशयी नाही हो, तुम्हाला सांगतो, मी फक्त खात्री करून घेतो.

विषय सासऱ्यांच्या मोटरसायकलचा. सासरे लढाईत या छावणीतून त्या छावणीत निरोप पोचवायचे, याच गाडीवरून, आणि लढाई संपल्यावर लिलावात तीच गाडी घेऊन घरी आले. पुढे ती गॅरेजात जुन्या गाद्यांखाली पडून. आता त्यांचं वय झालं, तर एक दिवस मला म्हणाले, "जावईबापू, जायच्या आधी एकदा तिचा आवाज ऐकायचाय." झालं, लागलो कामाला! आणि करायचं तर अस्सल करायचं, लष्करात होती तश्शी! ब्लेडने रंग खरवडला, वर लाल, लालखाली काळा, काळ्याखाली तो शेवाळी हिरवा... दिसला तेव्हा अक्षरशः नाचलो मी. मग सीटखालच्या सांगाड्यावरचा नंबर घासून वाचला, इंजिनावरचा वाचला, आणि बघतो तर काय, दोन्ही वेगळे!

आता काय समजायचं? जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष भिंग लावून बघून गेले, नाकातून म्हणाले, कारखान्यातून दोन्हीवर एकच नंबर पडतो, हे इंजिन दुसऱ्याच गाडीचं. झालं, माझ्या डोक्यात चक्र सुरू. गाडी खरी की इंजिन खरं? की सासरेच...? म्हणजे लढाईवर गेले तरी होते का? जेवताना समोर ते, आणि मी जेवण सोडून त्यांच्याकडेच बघतोय! मेकॅनिकला विचारलं, अध्यक्षांना पुन्हा विचारलं, सासूबाईंना आडून आडून विचारलं. पण संशय म्हणून नव्हे हां, खात्री!

शेवटी भंगारवाला पावला. "नंबर कोणता हवाय?" एवढंच विचारलं त्याने, आणि आठवड्याच्या आत बरोब्बर त्याच नंबरचं इंजिन दारात हजर! इतका कामाचा माणूस हल्ली मिळतो कुठे? जुन्या इंजिनाचं धूड मेहुणा घेऊन गेला, त्याच्या लाकडाच्या वखारीत करवत चालवायला.

मग तो दिवस. सासरे अंगणात खुर्चीवर, भोवती सगळं घर, आणि मी किक मारली, पहिल्याच किकला सुरू! सासऱ्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली, ऐकत राहिले... ऐकत राहिले... आणि डोळे उघडून म्हणाले, "ही कोण?"

म्हटलं, अहो बाबा, तुमचीच, आता तर नंबरसुद्धा जुळतो!

"तो कसा जुळेल?" ते म्हणाले. "माझं इंजिन लढाईतच फुटलं. माझा जोडीदार गोळी लागून गेला, तेव्हा वर्कशॉपवाल्यांनी त्याच्या गाडीचं काढून माझ्या गाडीत बसवलं. त्याच्यासाठीच तर लिलावात घेतली ती. मला विचारायचंत की."

सगळ्या गावाला विचारलं हो मी, त्यांना सोडून! खोटं कशाला बोलू, तिथेच रडू फुटलं मला. तसाच धावलो वखारीत, तर मेहुण्याने इंजिनाचे बोल्ट बसायचे खालचे कान कापून ते लोखंडी चौकटीला कायमचं वेल्डिंग केलेलं. आता जन्मात गाडीत बसायचं नाही ते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सासरे वखारीत जाऊन बसतात, करवतीशेजारी, डोळे मिटून. अंगभर भुसा उडतो, पण हलत नाहीत. परवा म्हटलं, बाबा, चालत कशाला जाता, बसा मागे, गाडीवरून सोडतो. तर एक पाऊल मागे सरले, गाडीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मला हळूच म्हणाले, "नको. कुणाची आहे, कुठून आलीय, आपल्याला काय माहीत?"