पूर्ण वाचून दाखवले

लालीबाई : सही मंग करतो. आंधी वाच. त्या फॉर्मवर काय लिहेल हाये म्हणलंस?

अंजू : “मजकूर मला पूर्ण वाचून दाखवला आहे. तो प्रबंधात घ्यायला माझी हरकत नाही.” याडी, अकराची एसटी गेली तर यवतमाळला पोचायला उशीर होईल. माझ्या गाइड शुभदा मॅडम प्रबंध आजच घेणार आहेत. सही नसली तर हे प्रकरण चालत नाही म्हणाल्या.

लालीबाई : पोरीले इकडं दे, किरकिर करून राह्यली. ये माय उर्वशी, आजीजवळ ये. हं, वाच.

अंजू : तुला ऐकवेल?

लालीबाई : मीच रडली होती ना? तू त मोबाइल ओढणीखाली धरून बसली होती. मले वाटलं, माही लेक अंजू बहिणीसाठी, जमनेसाठी, तोंड झाकून रडून राह्यली.

अंजू : रडतच होते मी.

लालीबाई : अन् मोबाइल चालू होता.

अंजू : चालू होता. म्हणून तर आता विचारते. तू नाही म्हण, मी सगळं काढून टाकते. एम.ए. राहिलं तर राहिलं.

लालीबाई : वाच म्हणलं ना.

अंजू : “प्रकरण चौथे. तांड्यातील स्त्रियांचे शोकगायन. मयताच्या घरी बाई सुरात रडते. रडताना ती जे बोलते ते एरवी बोलता येत नाही. रडणे थांबल्यावर त्याचा जाब कोणी विचारत नाही.”

लालीबाई : हे बरोबर लिहिलं. तुह्या बापानं आजवर इचारलं नाही मले.

अंजू : “जमने, तू तीनदा आलीस. तीनदा मीच तुला परत गाडीत बसवलं.”

लालीबाई : आपल्या बोलीतलं मराठीत केलं त रडणं वाटतच नाही. तलाठ्यानं लिहिल्यावाणी वाटते. हं.

अंजू : “जमने, तू पाठीवरचे वळ दाखवलेस. मी तेल लावलं, आणि म्हणाले, नांदावं लागतं. जमने, बाप म्हणाला, तांड्यात मान जाईल. जमने, विहिरीला पाणी किती होतं ग? तुला तर पोहता येत होतं.” झालं. एवढंच.

लालीबाई : मधात एक राह्यलं.

अंजू : रेकॉर्डिंग नीट नव्हतं ग. बाकीच्या बायकांचा आवाज…

लालीबाई : अंजू. मले सहीपुरतंच लिहिता येते. पण म्या गायलेलं मी इसरत नाही. बापाच्या मागून अन् विहिरीच्या आंधी.

अंजू : प्रबंधात संशोधकाचं स्वतःचं काही येऊ नये, असं असतं.

लालीबाई : मॅडमनं काढाले लावलं?

अंजू : नाही. मॅडमनी ते ऐकलंच नाही.

लालीबाई : माहं सारं ठेवलं. बापाचं ठेवलं.

अंजू : कॉलेजच्या लायब्ररीत राहतं ते, याडी. कायमचं. उद्या जमनेची उर्वशी मोठी होईल, शिकेल, तिच्या हाती लागेल.

लालीबाई : मंग पोरगी माहं वाचणार नाही का?

(अंजू कागद खाली ठेवते. आजीच्या मांडीवर बाळ झोपलं आहे.)

लालीबाई : तुही एसटी जाऊन राह्यली.

अंजू : “जमने, तू बहिणीला फोन केलास. बहीण म्हणाली, पेपर संपले की येते.”

लालीबाई : पुढं.

अंजू : “पेपर संपले, जमने.”

लालीबाई : कोणता होता तो? त्या दिवशीचा?

अंजू : धर्म आणि समाज.

लालीबाई : पास झाली ना त्यात?

अंजू : झाले.

लालीबाई : लिह आता. तिथंच, बाजूले, हातानं. मंग पेन मले दे.

अंजू : एसटी गेली असेल ग.

लालीबाई : एकची हाये. लिह.