शुक्रवारचे अठ्ठ्याऐंशी

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक, व्यासपीठावरचे पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या औषध विभागाच्या प्रमुख बाई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान, माझे सहकारी डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी, आणि एक पाय दाराबाहेर ठेवून उभी असलेली निवासी डॉक्टरमंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी मघापासून सारखा फोनकडे बघतोय. अध्यक्षांचं भाषण चालू असतानाही बघत होतो, ते त्यांच्या नजरेतून सुटलेलं नाही. सर, माफ करा. कारण सांगतो, पण थोडं मागे जावं लागेल.

बाईंना आपण पाठीमागे काय म्हणायचो? हसताय म्हणजे आठवतंय. मोजणीबाई! दर तीन महिन्यांनी टेबलावर एक बंद पाकीट यायचं. आत एकच कागद. सत्तरीच्या पुढचे शंभर पेशंट तुमच्याकडे आले, तर त्यांतल्या किती जणांना तुम्ही अँटिबायोटिक लिहून दिलं, हा आकडा. खाली सगळ्या डॉक्टरांची सरासरी. दुसऱ्या कुणाचं नाव नाही, टीका नाही, सल्ला नाही. माझं पहिलं पाकीट मी उघडलं तेव्हा सरासरी होती एकोणतीस आणि मी होतो बेचाळीस.

मी भडकलो. लिफ्टशेजारच्या त्यांच्या त्या खोलीत तरातरा गेलो. दोन माणसं आत गेली की एकाला मागे सरकून दार लावावं लागतं, अशी ती खोली. मी म्हटलं, "बाई, तुम्ही दिवसाला किती पेशंट तपासता?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मोजायला वेळ मिळतो. बसा."

आणि त्यांनी दुसरा कागद काढला. माझेच आकडे, पण वारांप्रमाणे मांडलेले. सोमवार ते गुरुवार, कुठे एकतीस, कुठे अठ्ठावीस. अगदी शहाण्या माणसासारखे. आणि शुक्रवारी अठ्ठ्याऐंशी. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "डॉक्टर, जंतू काय वार बघून येतात?"

आता इथे बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, छातीवर हात ठेवून सांगा, शुक्रवारी दुपारी आपला हात थोडा सैल होतो की नाही? शनिवार-रविवार बाह्यरुग्ण विभाग बंद. समोर ऐंशी वर्षांचं माणूस खोकतंय. छाती साफ आहे, ताप नाही, औषधाची गरज नाही हे कळतंय. पण दोन दिवसांत काही झालं तर?

माझ्या बाबतीत झालं होतं. त्या पाकिटाच्या आधी सात वर्षं. एक निवृत्त पोस्टमन होते. शुक्रवारी मी त्यांना तपासून, औषध न देता घरी पाठवलं. सोमवारी त्यांची बायको एकटीच आली, हातात त्यांची फाइल. म्हणाली, "शनिवारी दुपारपासून ते भांडलेच नाहीत माझ्याशी. मला वाटलं, बरं वाटतंय त्यांना." रविवारी सकाळी ते गेले होते. ती मला रागावली नाही. फाइल परत द्यायची असते का, एवढंच तिने विचारलं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. त्या दिवशी त्या खोलीत बाईंना सांगितलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मला वाटलं, आता सांत्वन करतील. छे! त्यांनी तिसरा कागद काढला. शुक्रवारी मी उगाच अँटिबायोटिक दिलेल्या एका आजींना इतके जुलाब लागले की त्या न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. बाई म्हणाल्या, "भीती तुम्हाला वाटते ना? मग तिचं औषध त्यांना कशाला देता?"

महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. मग एका शुक्रवारी त्याच माझ्याकडे आल्या, निळी वही घेऊन. "ज्यांना औषध न देता पाठवाल त्यांचे नंबर द्या. शनिवारी मी फोन करते. काही वाटलं तर तुम्हाला उठवीन." वहीत तीन प्रश्न आखलेले. जेवले का? आपल्या पायांनी बाथरूमला गेले का? आणि तिसरा, भांडतायत का? हा तिसरा कुठून आला, हे मला विचारावं लागलं नाही.

नऊ वर्षं. सुट्टीच्या दिवशी, घरून, कुणीही सांगितलेलं नसताना. यजमान साक्षीला आहेत. माझा शुक्रवार अठ्ठ्याऐंशीवरून तेहतिसावर आला. त्याचं कौतुक माझं झालं बरं का, मागच्या वर्षी मला प्रमाणपत्रही मिळालं!

तर आता फोनचं. आज शुक्रवार आहे. सकाळी एक शिंपीकाका आले होते, वय एक्क्याऐंशी. खोकला होता, छाती साफ होती. तपासताना मलाच झापत होते, की डॉक्टर, तुमच्या शर्टाची डावी बाही अर्धा बोट लांब आहे, कुणी शिवला हा? हाच शर्ट. मला हायसं वाटलं. मी औषध दिलं नाही. औषधाची चिठ्ठी लिहिली मात्र, आणि ती या खिशात ठेवली. आणि ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की बाई आज पाच वाजता निवृत्त होतायत. उद्या फोन कोण करणार? तेव्हापासून मला चैन नाही. समारंभाआधी दोनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. घरी त्यांच्या काकू असतात, त्यांना कमी ऐकू येतं, हे माहीत असूनही मी फोनकडे बघतोय. बाईंच्या टेबलावरून निळी वही उचलून तिच्या नव्या पानावर पहिला नंबर मी त्यांचाच लिहून आणलाय, म्हटलं बाईंना दाखवू, की वही आता मी...

हे काय? सत्कारमूर्तींची खुर्ची रिकामी? आत्ता तर होत्या. हसू नका, मी खरंच विचारतोय. ज्यांच्याबद्दल बोलतोय त्याच उठून गेल्या, म्हणजे भाषण फारच रंगलेलं दिसतंय. आणि मी इथे टेबलावर ठेवलेली वहीही घेऊन गेल्या!

चिठ्ठी आली. वेळ संपल्याची असणार, सर, आवरतो. दोनच मिनिटं...

नाही, अध्यक्षांची नाही ही. अक्षर बाईंचं आहे. वाचतो. "काकूंनी उचलला. दोन घास जेवले. बाथरूमला गेले, भिंत धरून. काकू म्हणतात, दुपारपासून अगदी शहाण्यासारखे पडून आहेत. भांडत नाहीत. डॉक्टर, निघा."

अध्यक्ष महाराज, मला जायला हवं. बाईंच्या गुणांची जी यादी लिहून आणली होती ती इथे टेबलावर ठेवतो, कुणीतरी वाचून दाखवा. बाई, तुम्ही दारात पर्स घेऊन का उभ्या आहात? नाही, तुम्ही या, बसा, तुमचा सत्कार अजून व्हायचाय. आज मी जातो. वही तेवढी द्या इकडे.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आणि सकाळी माझं चुकलं नसेल, एवढं मनात म्हणा. जरा वाट द्या.