गोल भिंतीतली खिडकी

(मोरावियातल्या एका खेड्याबाहेरची टेकडी. ऑक्टोबर. जुनं, गोल दगडी चॅपल. दक्षिणेकडच्या भिंतीला रुंद खिडकी, तिच्यावरून थेट घुमटापर्यंत गेलेली चीर. गवंडी लोइझा शिडीवर. खाली त्याची थोरली बहीण हेडविका, गावची निवृत्त शिक्षिका.)

हेडविका : पुन्हा सांगते, खिडकी बुजवायची नाही. खाली उतर.

लोइझा : उतरतो. आधी सांग, ही पट्टी कोणी लावली?

हेडविका : कुठली?

लोइझा : चिरेवरची, प्लास्टरची. भिंत हलली की तडकते, म्हणून मी वसंतात लावली होती. ही अगदी धड आहे.

हेडविका : मग झालं तर! भिंत हलत नाही. उद्या जिल्ह्याचा माणूस येईल, पट्टी बघेल आणि खिडकीला हात लावू नका म्हणेल.

लोइझा : मी पट्टीवर तारीख खिळ्याने कोरतो. कोंबडीने उकरल्यासारखी दिसते. आणि ही बघ! आकडे कसे एका ओळीत उभे. अगं, अख्ख्या गावाला ठाऊक आहे हे अक्षर. ह्याच अक्षरातले शेरे घरी नेऊन आम्ही मार खाल्लाय.

हेडविका : तुला कमीच पडले शेरे.

लोइझा : किती वेळा तडकली?

हेडविका : तुझी जूनमध्ये. मग माझी पहिली. ही दुसरी.

लोइझा : ह्या वयात शिडी चढलीस?

हेडविका : तुझीच शिडी. डुगडुगते. नीट करून घे.

लोइझा : हसू नकोस. ही भिंत गोल का बांधली? एकेक दगड शेजारच्याला रेटून धरतो. त्या जोरावर घुमट आठशे वर्षं बसलाय. आणि आपल्या पणजोबांनी त्यात गाय आरपार जाईल एवढं भोक पाडलं.

हेडविका : पणजोबांना नावं ठेवायची नाहीत! ज्या सरदाराने हे बांधलं, त्याने स्वतःच्या घरापुरतं बांधलं. तो, त्याची बायको, पोरं आणि फार तर एखादा कुत्रा. जत्रेला गाव बाहेर चिखलात उभं राहायचं, आतल्या मिस्साचा, प्रार्थनेचा शब्द कानावर पडायचा नाही. पणजोबांनी त्या लोकांसाठी खिडकी पाडली.

लोइझा : मन चांगलं होतं त्यांचं. हात गवंड्याचा नव्हता.

हेडविका : मग बाहेरून लोखंडी पट्टा आवळ.

लोइझा : आवळणारच आहे. पण मध्येच भोक असलं तर पट्टा त्या भोकातच भिंत ढकलेल. थंडीत चिरेतलं पाणी गोठलं की संपलं. आणि ते रविवारी झालं तर? आत माणसं असतील, हेडविका.

हेडविका : बाहेरही असतात.

लोइझा : आता कोण असतं बाहेर?

हेडविका : मी.

लोइझा : हं. कम्युनिस्ट पक्षाचं राज्य होतं तेव्हा समजत होतं. शाळेतली बाई चर्चमध्ये दिसली असती तर नोकरी गेली असती. म्हणून टोपली घेऊन खिडकीखाली लिंडनच्या झाडाची फुलं वेचायचीस. भर हिवाळ्यातसुद्धा!

हेडविका : हिवाळ्यात काटक्या वेचायचे.

लोइझा : ते राज्य जाऊन एक पिढी उलटली. अजून काटक्याच?

हेडविका : आत बसतं कोण? माझेच विद्यार्थी. फळ्यापुढे उभी राहून त्यांना शिकवलं, वर कोणी नाही, नुसते ढग आहेत. आता त्यांच्या शेजारी गुडघे टेकू? खिडकीखाली बरं आहे. मला ऐकू येतं, मी कोणाला दिसत नाही.

लोइझा : सगळ्यांना दिसतेस.

हेडविका : काहीतरीच!

लोइझा : तुझ्या टोपीचा गोंडा हलतो खिडकीत. फादर तुझ्यासाठीच मोठ्याने बोलतात. आधीचे फादरही बोलायचे, त्या काळात. आम्हाला वाटायचं ते बहिरे आहेत. मग आईने सांगितलं.

हेडविका : त्या काळात? सगळ्यांना ठाऊक होतं?

लोइझा : सगळ्यांना.

हेडविका : त्या कोपऱ्यावरच्या क्रोउपालासुद्धा? तो तर पक्षाचा.

लोइझा : त्याची बायको आत असायची. त्याने गोंडा पाहिला होता.

हेडविका : आणि कोणीच तक्रार केली नाही…

लोइझा : तू तेवढ्या वर्षांत कधी शाळेतून काढली गेलीस का?

हेडविका : दगड कुठले आणणार आहेस?

लोइझा : इथलेच. पणजोबांनी काढलेले दगड आपल्या बदकांच्या कुंपणात लावलेत. कुंपण मोकळं केलं.

हेडविका : बदकं कुठे आहेत?

लोइझा : तुझ्या वाफ्यात.

हेडविका : माझ्या कोबीत! बरं, सिमेंट वापरणार नाहीस ना?

लोइझा : चुना. वर्षभर भिजत ठेवलेला.

हेडविका : मग ऐक. उद्या तो माणूस आला की मी स्वतः सांगते त्याला, पट्ट्या कोणी बदलल्या ते. शिडीसुद्धा दाखवते. थंडीआधी भिंत पुरी व्हायला हवी. मी खालून दगड देईन, आणि मध्ये बिअर प्यायला बसायचं नाही.

लोइझा : आणि रविवारी?

हेडविका : रविवारी काय? येईन आत. मागे, शेवटच्या रांगेत उभी राहीन कुठेतरी.

लोइझा : गोल आहे अगं ते. शेवटची रांगच नाही त्यात.